नानांचं पाणी

फलोदी, राजस्थान
दि. ११ जुलै २०२४

सौ. तनुजाअक्कास सत्यमचा शि. सा. न. वि. वि.

म्हणजे परत खापर माझ्याच डोक्यावर. आपल्या मायला मी गोळी सोड म्हणलो, हाव, म्हणलो. पण मी काय एकटाच म्हणलो का? शेजारची नागुबाई आधी म्हणली, मी नुसता हुंकार भरला. तू मात्र फोनवर नागुबाईचं नावबी घेतलं न्हाईस आणि मला सातवी नापास डॉक्टर म्हणून मोकळी झालीस. वर म्हणालीस, तुला फोनवर भांडण्याबिगर काही येत न्हाई, काय बोलायचं ते कागदावर लिही आणि फोटो काढून धाड, मायला दोनदा वाचून दाखवता येईल. घे मग. लिहून राहिलो.

इथं सोलारच्या काचा धुवायचं काम हाय. नजर जाईल तिथवर काचा, आणि त्याच्यापुढं वाळू. आज पुसल्या की उद्या परत धूळ. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येती, म्हणून माझा फोन लागत न्हाई. मुद्दाम बंद ठेवतो म्हणून तू दाजींना सांगितलंस, ते बरं न्हाई केलंस. आणि पुढचंबी आधीच सांगून ठेवतो. सुरतेत टिकलो न्हाई, हैदराबादेत टिकलो न्हाई, इथं किती दिवस टिकणार, असं विचारू नकोस. मलाच ठावं न्हाई.

आता गोळीचं. मायला ती ठोक्याची गोळी सुरू झाली आणि त्याच्यानंतर नाना तिच्या सपनात यायला लागले. ती मला फोनवर सांगायची. खांद्यावर ओला टावेल, ओट्यावर बसतात आणि पाणी मागतात. एकदा न्हाई, सारखंच. नागुबाई म्हणली, गेलेलं माणूस सपनात येऊन काही मागायला लागलं तर ते न्यायलाच आलेलं असतं. अक्का, एक जण गेला, आता दुसरं न्यायला आले का काय? मला वाटलं, गोळी आली आणि नाना आले, तर गोळी गेली की नानाबी जातील. यात माझं काय वाकडं झालं ते तूच सांग. तिचं काळीज असं उधळंल, नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागंल, हे मला कुणी सांगितलं होतं?

ती कशी हाय ते लिही. खरं लिही, माझ्यासाठी गोड करून लिहू नको.

आणि राग येऊ देऊ नकोस, एक मागतो. त्यातल्या दोन गोळ्या मला धाड. मायला दिसतात तर मला का दिसू नयेत? मी गावात पोचलो तवा राखबी थंड झाली होती.

दाजींना नमस्कार, वैष्णवीला एक टपली. भांडलो तरी भाऊच हाय, इसरू नको.

तुझा,
सत्यम

---

लातूर
दि. १५ जुलै २०२४

चि. सत्यम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नागुबाईला मी काही बोलले नाही, कारण नागुबाईला मायची मुलगी व्हायचं नाही आणि तुला मुलगा व्हायचं आहे. एवढं ऐकून घे, मग पुढचं वाच.

माय आता बरी आहे. नांदेडहून तिला इकडे लातूरला आणलं आहे. वैष्णवीच्या खोलीत तिची खाट टाकली आहे. तुझे दाजी दयानंद औशाच्या शाळेतून आले की दोघांचा चहा होतो आणि माय त्यांना आपल्या सीताफळाच्या झाडांची खबर विचारते, जसं काही ते रोज कंधारवरूनच येतात.

गोळीचं मी डॉक्टरांना नीट विचारून घेतलं. तुला समजावं म्हणून त्यांच्याच शब्दांत सांगते. मायचं हृदय मध्येच पळत सुटतं, ही गोळी त्याची वेसण धरून ठेवते. रोज धरलेली वेसण एका दिवशी सोडली तर जनावर आधीपेक्षा जास्त उधळतं. म्हणून ही गोळी मनानं बंद करायची नाही. कमी करायची असली तरी डॉक्टर सांगतील तशी, हळूहळू. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही. बसल्या जागेवरून झटकन उठायचं नाही, चक्कर येते. आणि काहीही वाटलं तरी आधी त्यांना विचारायचं. त्यांनी हे सांगताना माझ्याकडे पाहिलं, मी मनात तुझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी मायला विचारलं, बंद का केली होती. नानांचं मीच सांगितलं. मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. म्हणाले, या गोळीनं काही जणांना अगदी खरी वाटतील अशी स्वप्नं पडतात, आपण हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. त्यांनी जुनी गोळी बदलून त्याच कामाची दुसरी दिली आहे. हिच्यानं स्वप्नं कमी पडतात म्हणे. जुनी थांबवून त्याच जागी ही नवी कशी सुरू करायची ते त्यांनी लिहून दिलं आहे.

तुला गोळी पाठवणार नाही. पाचवीत असताना तुला दम्यानं कंधारच्या दवाखान्यात नेलं होतं, तोंडाला वाफेचं मशीन लावलं होतं, आणि नाना बाहेर पायरीवर बसून होते, आठवतं का? मी डॉक्टरांना विचारलं. दमा झालेल्या माणसाला या गोळीनं श्वास कमी पडू शकतो, म्हणाले. दुसऱ्याची गोळी तर कुणीच खायची नाही. तू तिथं वाळूत, धुळीत, आणि वर हे. नानांना भेटायची ही रीत नव्हे.

जेवणाचे हाल करू नकोस. तुझ्यावर रागावलेली असले तरी तुझा घास काढून ठेवणारी,

तनुजा

---

लातूर
दि. १४ सप्टेंबर २०२४

चि. सत्यमला तारामतीचे लाख आशीर्वाद. वैष्णवीच्या हातानं लिहिते. मी जसं बोलते तसंच लिही म्हणलंय तिला, शाळेचं लिहू नको म्हणलंय.

बाळा, मी बरी हाय. तुझी अक्का मला काही करू देत न्हाई. भाकरी टाकू म्हणलं तर म्हणती बस. आंगण झाडू म्हणलं तर म्हणती बस. बसून बसून मला माझाच कंटाळा आला. तुझे दाजी लई चांगले. पर त्यांच्या घरात ओटा न्हाई. दार उघडलं की जिना. इथं माणूस दमून आला तर टेकणार कुठं?

तुला एक सांगते. गोळी बदलली आणि तुझे नाना येईनात. आखाड गेला, श्रावण गेला, पोळा झाला. न्हाईत ते न्हाईतच. आधी मला भ्या वाटायचं, खोटं कशाला बोलू. पर न्हाई आले तवा मला कळलं, मी वाट बघून राहिले.

तू त्या दिवशी नव्हतास, म्हणून तुला ठावं न्हाई. ते शेतातून आले, ओट्यावर बसले, टावेल खांद्यावर, आणि पाणी दे म्हणले. मी आत गेले. तांब्या रिकामा होता, रांजणातलं घेतलं, गुळाचा खडा शोधला, कारण गुळाबिगर पाणी दिलं की ते म्हणायचे, मी काय पावना हाय का. बाहेर आले तर मान भिताडाला. मला वाटलं झोपले. मी तांब्या हातात घेऊन लई येळ उभी होते रे. गूळ माझ्या मुठीत इतळला.

तहानेलं माणूस गेलं तर ते फिरत राहतं. हे नागुबाईचं न्हाई, माझ्या मायचं सांगणं हाय. सपनात रोज तेच व्हायचं. ते पाणी मागायचे, मी आत जायची, बाहेर आले की ओटा रिकामा. एकडाव मी लवकर बाहेर आले पायजे. एकडाव त्यांच्या हातात तांब्या द्यायचा, मग ते जातील आणि मीबी मागं बघणार न्हाई.

तू फिकीर करू नको. शनवारी तुझे नाना परत आले. परवाबी आले. पर माझेच पाय आता लई जड झालेत. उंबऱ्यापसून चुलीपतूर जायला येळ लागतो. सपनातबी आणि जागेपणीबी.

आता पित्रपाट येईल. नानांचं पान अमावस्येला वाढायचं. तुला सुट्टी मिळत असली तर बघ, न्हाई तर दुरूनच हात जोड. नीट खा, कुणाशी भांडू नको. माझ्या जिवाचा जीव तू.

तारामती

मामा, मी वैष्णवी. आजी झोपली आहे. आजीचे हात आजकाल खूप गार असतात आणि ती भिंत धरून चालते. आईला सांगितलं तर आई म्हणाली वय झालं. तुम्ही या ना.

---

लातूर
दि. २२ सप्टेंबर २०२४

चि. सत्यम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू टाकीवर चढून फोन केलास आणि ओरडून एकच विचारलंस, की गोळी बदलली तर नाना परत आले कसे. मी तुझ्यावरच चिडले. फोन ठेवला आणि तरीही तुझा प्रश्न माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. मी मायची पिशवी, उशी, पेटी सगळं उपसलं. काही सापडलं नाही. मग देवाजवळचा तिचा कुंकवाचा करंडा दिसला. नाना गेल्यापासून तिनं तो उघडलेला नाही, म्हणून मीही कधी उघडला नव्हता. त्यात जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या घडी करून ठेवल्या होत्या. टाकून दे म्हणून मी तिच्याच हातात दिल्या होत्या, हे माझं शहाणपण. पैशाची वस्तू उकिरड्यावर कशी टाकायची, असं म्हणत होती तेव्हा मी हसले होते.

ती सकाळी माझ्यासमोर नवी गोळी घ्यायची आणि झोपताना गुपचूप जुनी.

मी करंडा हातात घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. ती खाटेवरून उठायला गेली आणि तशीच खाली बसली. डोळे उघडे होते, पण मला बघत नव्हती. दयानंदनी आणि मी तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात नाडी मोजली तर बेचाळीस भरली. डॉक्टर म्हणाले, एकाच जातीच्या दोन गोळ्या पोटात गेल्या, दोघींनी मिळून हृदयाला मागे ओढलं. गार हात, जड पाय, भिंत धरून चालणं, सगळं त्याचंच होतं. वैष्णवीनं सांगितलं होतं. मी वय म्हणाले होते.

ठोके सावरेपर्यंत त्यांनी तिला ठेवून घेतलं, तारांनी मशीनला जोडून. आता घरी आणली आहे. कालपासून नवी गोळी एकटीच, परत सुरू करायला सांगितली आहे. आणि इथंच सगळं अडलं आहे. ती घेत नाही. म्हणते, ती नाही तर कुठलीच नाही. पट्ट्या मी दवाखान्यात देऊन टाकल्या, तर म्हणाली, तू तुझ्या बापाला दारातून हाकललंस. सत्यम, ती मला कधी असं बोललेली नाही.

कालची गेली, आजचीही गेली. अशीच राहिली तर काय होतं ते आपण जुलैत बघितलं आहे, आणि या वेळी डॉक्टर मला खोटा धीरही देत नाहीत. दयानंदनी समजावलं, वैष्णवी रडली. ती ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी भाताच्या घासात मिसळून द्यायचं म्हणाले, तर दयानंद म्हणाले, मग तिनं जेवणही सोडलं तर?

तुझं ती ऐकते. तुझ्या एका शब्दावर तिनं गोळी सोडली होती. आता एका शब्दावर घ्यायला लाव. काय लिहायचं ते मला सुचत नाही, मी शिकलेली असून. तुला सुचेल. उशीर करू नकोस.

तुझी,
तनुजा

---

फलोदी
दि. २३ सप्टेंबर २०२४

ती. मायला सत्यमचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वैष्णवी, हे मोठ्यानं वाच, आणि आजीनं भिंतीकडं तोंड केलं तरी वाचत राहा.

माय, तू गोळी न्हाई घेतलीस म्हणून मी रागवायला लिहून राहिलो असं समजू नको. अक्काचा कागद वाचला तवा मी काचांच्या रांगेत बसलो होतो. मग मी एकच काच पुसत राहिलो. मुकादम म्हणला ऊन लागलं. मी हाव म्हणलो.

तुला एक सांगतो जे मी कुणाला सांगितलं न्हाई. मलाबी ऐकू येतं. दुपारी उन्हानं त्या काचांचं लोखंड तडतडतं आणि सगळं सामसूम असतं, तवा मागून कुणीतरी पाणी मागतं. नानांचाच आवाज. मी बाटली घेऊन वळतो. मागं नुसत्या काचा, आणि प्रत्येक काचेत माझंच तोंड. मी तर गोळी खाल्लेली न्हाई. तवा नाना गोळीतून येतात असं धरून बसू नको. त्यांना यायचं असलं तर ते सुरतेलाबी आले, हैदराबादेलाबी आले, इथंबी आले. मी काय कामाला कंटाळून पळतो का? लोक म्हणतात टिकत न्हाई. मी आवाजापासून पळतो, माय.

म्हणून काल टाकीवर चढलो आणि हणमंतकाकाला फोन लावला. त्यांचं रान आपल्या बांधाला लागून, त्या दिवशी नाना घरी यायच्या आधी त्यांच्याजवळ होते, एवढं मला ठावं होतं. पर आपण कुणी त्यांना काही विचारलंच न्हाई. तू तर दोन वर्षं त्यांच्या समोर पदर घेऊन निघून जाती. मी विचारलं, काका, नाना त्या दिवशी तहानेले होते का?

काका म्हणले, तहानेले कशाचे? नाना त्यांच्या पाण्याच्या मोटारीजवळ बसले, पायपाला तोंड लावून पोटभर पाणी पिले, टावेल भिजवून तोंड पुसलं. तो ओला टावेल, माय. तू सपनात बघती तो. काकांच्या पाण्यानं ओला झालेला. काकांनी तांब्याबी भरून पुढं केला तर नको म्हणले, पोटात जागा न्हाई म्हणले. आणि उठता उठता हसून म्हणले, आता घरी गेल्यावर ताराला परत पाणी मागावं लागंल, न्हाईतर ती तोंडाकडं बघत बसती, आज काय झालं, बोलत का न्हाईत म्हणून.

काका रडले, माय. म्हणले, मला वाटलं तुमच्या घरी हे ठावं असंल.

आता तूच आठव. नाना ओट्यावरून उठून गोठ्यात जायचे आणि परत येऊन पाणी मागायचे. तांब्यातलं दोन घोट पिऊन बाकीचं तुळशीला टाकायचे. तू त्यावरून किती बोलायचीस, की पाणी का टाकता, रांजण काय इहीर हाय का. त्यांना तहान कुठली? त्यांना तू बाहेर यायला पायजे होतीस. ते तहानेले गेले न्हाईत. तू पाणी आणायला उठलीस, भांड्याचा आवाज झाला, तो त्यांनी ऐकला, मग गेले. घरात माणूस हाय हे ऐकून गेले.

माझ्यावर इसवास नसला तर काकाला विचार. अक्काच्या फोनवरून लाव. ते वाट बघून राहिलेत.

आणि आता गोळी. माय, मीच तुला एकडाव सोड म्हणलो होतो, आता मीच घे म्हणतो, दोन्ही तोंडं माझीच. पर त्या टायमाला मी नागुबाईला विचारून म्हणलो होतो, आज डॉक्टरला विचारून म्हणतो. कालपासून त्यांना तीनदा फोन केला. पोरगं सोडत न्हाई म्हणून वैतागले असतील. ते म्हणले, चुकलेल्या गोळ्या चुकल्या, त्या भरायच्या न्हाईत, आजची एकच घे. अक्काच्या हातून, तिच्यासमोर, रोज त्याच टायमाला. घ्यायच्या आधी वैष्णवीला नाडी मोजू दे. ठोके पन्नासाच्या खाली दिसले, भोवळ आली, दम लागला, तर गोळी घ्यायच्या आधी फोन करायचा, मनानं काही ठरवायचं न्हाई. खाटेवरून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. सपन पडलं तर डॉक्टरला सांगायचं, लपवायचं न्हाई. आणि न्हाई पडलं तर, माय, न्हाई पडलं म्हणून रडू नको.

अमावस्येला नानांचं पान आपल्या ओट्यावरच वाढू. दाजी तुला गाडीनं गावी नेतील, मी बोललो त्यांच्याशी. मीबी निघायचं बघतो, मुकादमाला सांगितलंय, खोटं वचन देत न्हाई. पण एक माझं ऐक. या डावाला नानांनी मागायच्या आधीच तांब्या भरून, गूळ ठेवून, पानाजवळ आणून ठेव. म्हणजे आत जायचं कामच राहणार न्हाई. कावळा कवाबी येऊ दे. तू तिथंच बस, त्यांच्या बाजूला.

अक्कावर डूख धरू नको. तिनं नानांना हाकललं न्हाई, तिनं तुला दारात धरून ठेवलं. माझं काय कमी पडलं, काय चुकलं, त्यासाठी तुझ्याच पायाशी येणार हाय. तवर तुझी माया माझ्यावर पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
सत्यम

ता.क. : वैष्णवी, आजीनं गोळी घेतली की मला लगेच मेसेज टाक. मी टाकीवरच बसून हाय. दाजींच्या फोनवर पैसे टाकलेत. त्यात बोटाला लावून ठोके दाखवायचं यंत्र येतं ते घ्या, आणि उरतील त्याचा एक नवा तांब्या घ्या, पितळेचा, नानांच्या पानासाठी. एकूण दोन हजार तीनशे रुपये टाकलेत.